हरण्याचा हक्क

फुटबॉल क्लबच्या निष्ठावंत पाठीराख्याकडे परक्या नजरेने पाहिले, तर हा गृहस्थ व्यवहाराला अगदीच कच्चा आहे, असे वाटल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. देशाचे अव्वल विजेतेपद त्यांतल्या एकालाच मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणजे ऑगस्टमध्ये ९२ ठिकाणी आशा पेरली जाते आणि मे महिन्यापर्यंत त्यातली बहुतेक करपते. तरी पुढच्या ऑगस्टमध्ये माणसे तीच, खुर्च्या त्याच आणि शिव्याही त्याच. याचा उलगडा करताना कोणी म्हणते, वेडाला हिशेब नसतो. कोणी म्हणते, आशा चिवट असते. दोन्ही उत्तरे मला आळशी वाटतात. पाठीराखा हिशेब करतो आणि चोख करतो. त्याची आशा कशावर बसलेली आहे, हे ओळखण्यात आपलीच गफलत होते. करंडक मिळाला तर त्याला हवाच आहे, पण करंडकावाचून त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्या असतात. ज्याच्यावाचून त्याचे खरोखर अडते, ती गोष्ट निराळी आहे: आपला क्लब आपल्या गावात असावा, आणि वर चढणे असो की खाली घसरणे, जे काही पदरात पडेल ते मैदानावर खेळून पडावे. हरायला तो तयार असतो. हरण्याचा हक्कच कोणी काढून घेतला, की त्याचे डोके फिरते. त्याच्या आशेची आणि चिडीची मुळे या एका हक्कात आहेत, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याला सगळ्यात भक्कम पुरावा विम्बल्डनचा आहे. हे नाव घेतले की आपल्याला हिरवळ आणि टेनिस आठवते, पण दक्षिण-पश्चिम लंडनच्या त्याच उपनगरात प्लाऊ लेन नावाच्या साध्यासुध्या मैदानावर एक फुटबॉल क्लब खेळत असे. १९७७ मध्ये त्याला राष्ट्रीय लीगमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली. १९८२-८३ च्या हंगामात तो चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत होता, आणि १९८६ मध्ये पहिल्या श्रेणीत पोचला. १९८८ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात समोर त्या वर्षीचा लीगविजेता लिव्हरपूल होता. लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला, कर्णधार आणि गोलरक्षक डेव्ह बेझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली, आणि सामना १-० असा विम्बल्डनने जिंकला. अशी उदाहरणे रोज घडत नाहीत हे खरे, पण ती घडू शकतात, कारण वर जाण्याचा रस्ता नियमानेच खुला ठेवलेला आहे. वरच्या श्रेणीतला शेवटचा खाली येतो, खालच्या श्रेणीतला पहिला वर जातो. त्यामुळे पाठीराख्याची आशा नेहमी आपापल्या पायरीवरची असते. कोणाला बढती हवी असते, कोणाला मधल्या फळीत निवांत राहायचे असते, कोणाला शेवटच्या तीनांत यायचे नसते एवढेच. ९२ पैकी एकालाच यश, हा हिशेब बाहेरच्याचा आहे. आतल्या माणसाला दर मे महिन्यात यश आणि अपयशाच्या डझनभर वेगवेगळ्या जाती दिसतात. विसाव्या क्रमांकावरून सतराव्यावर येऊन तगण्यात काय आनंद असतो, हे कायम अव्वल असणाऱ्या क्लबच्या चाहत्याला कळायचे नाही.

विम्बल्डनची घसरण मात्र मैदानाबाहेर सुरू झाली. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसायला जागा असलीच पाहिजे, असा दंडक आला. प्लाऊ लेनवर तो पाळणे परवडणार नाही असे ठरले आणि १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर पोटभाडेकरू म्हणून गेला. २००० मध्ये तो प्रीमियर लीगमधून घसरला. पाठीराखे त्यावर चरफडले, पण हजर राहिले. पुढच्या वर्षी मालकांनी क्लबच उचलून सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा बेत जाहीर केला, आणि फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक मताने त्याला परवानगी दिली. चाहत्यांनी खालच्या पायरीवरून नव्याने क्लब उभा करणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, अशा अर्थाचा शेराही आयोगाने मारला. घसरणीला जी माणसे हरली नव्हती, ती या शेऱ्याने पेटून उठली.

इथे मालकांची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. क्लबला दहा वर्षे स्वतःचे मैदान नव्हते, परक्या घरी येणारे प्रेक्षक कमी होत चालले होते आणि तोटा वाढत होता. मिल्टन कीन्समध्ये जागा होती, लोक होते, लीगमधला क्लब नव्हता. बुडत्या धंद्याचे स्थलांतर हा काही गुन्हा नाही. गिरणगाव रिकामे होताना आपल्याकडेही याच चालीची वाक्ये ऐकू आली होती. पण ज्या पैशासाठी हे केले, तोही हाती लागला नाही. परवानगी मिळाल्यावर वर्षभरातच, जून २००३ मध्ये, क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला, सप्टेंबरमध्ये मिल्टन कीन्सला हलला आणि २००४ मध्ये नावही बदलून बसला. ज्या क्लबला वाचवण्यासाठी गाव सोडले, तो क्लब त्या नावाने उरलाच नाही. पाठीराख्यांची तक्रार भावनेची आणि मालकांचा युक्तिवाद व्यवहाराचा, अशी जी वाटणी आपण सहज करतो, ती इथे उलटी पडते. गावाशिवाय क्लबाला किंमत नाही, हे गणित पाठीराख्यांनी आधी सोडवले होते.

पुढे त्यांनी जे केले त्यातून त्यांची आशा काय होती ते स्वच्छ दिसते. आयोगाचा निर्णय येऊन काही दिवस होतात न होतात तोच त्यांनी ए. एफ. सी. विम्बल्डन हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड चाचणी ठेवली, तर सव्वादोनशेच्या वर मुले आली. जुलैमध्ये सटन युनायटेडशी झालेला पहिला मैत्रीपूर्ण सामना हा क्लब ४-० असा हरला. बघायला साडेचार हजारांहून जास्त माणसे जमली होती. करंडकाची भूक एवढीच त्यांची गरज असती, तर जवळच चेल्सी होता, आर्सेनल होता. बसचे तिकीट काढले की झाले. त्याऐवजी ही माणसे वरच्या श्रेणीपासून कितीतरी पायऱ्या खाली, तालुका पातळीवरच्या म्हणाव्यात अशा लीगमध्ये जाऊन बसली. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात तो संघ लीगचे ७८ सामने अपराजित राहिला. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये तो पुन्हा राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, त्यांचे नवे मैदान खेळासाठी खुले झाले. त्यासाठी चाहत्यांनी रोखे घेऊन लाखो पौंड उभे केले होते. आणि करोनाच्या निर्बंधांमुळे पहिल्या सामन्याला त्यांतल्या कोणालाही आत जाता आले नाही. फुटबॉलची क्रूर थट्टा ती हीच. २०२२ मध्ये हा संघ चौथ्या श्रेणीत घसरला, २०२५ मध्ये परत वर आला. घसरला तेव्हा चाहत्यांनी प्रशिक्षकाला, खेळाडूंना, आणि मालक आपणच असल्यामुळे एकमेकांनाही यथेच्छ नावे ठेवली असणार. ती चीड निरोगी आहे. स्वतःच्या घरातल्या कुरकुरीसारखी ती असते. तिने कोणी घर सोडून जात नाही.

यावर एक बोचरा आक्षेप घेता येतो. जो गिऱ्हाईक कधीच दुसऱ्या दुकानात जाणार नाही, त्याला दुकानदार लुबाडणारच. निष्ठा जितकी अढळ, तितका मालक बेफिकीर. तेव्हा चाहत्यांच्या हालाला त्यांची निष्ठाच जबाबदार नाही का? आक्षेपात तथ्य आहे. तिकिटांचे दर, दरवर्षी बदलणाऱ्या जर्सी, दूरचित्रवाणीच्या सोयीने रात्री-अपरात्री लावलेले सामने, हे सारे याच हिशेबावर चालते. पण निष्ठा म्हणजे मुकाट्याने सहन करणे, हे गृहीतक चुकीचे आहे. ६ फेब्रुवारी २०१६ ला ॲनफिल्डवर लिव्हरपूल संडरलंडविरुद्ध २-० असा पुढे असताना, ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ हजारो प्रेक्षक बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. ते गेल्यावर संडरलंडने दोन गोल करून बरोबरी साधली, आणि त्याच आठवड्यात क्लबने दरवाढ मागे घेतली. दोन गुणांवर पाणी सोडावे लागले, पण मालकांना ताळ्यावर आणले. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली, तेव्हाही हेच झाले. त्यात संस्थापक क्लबांना घसरणीची भीतीच उरणार नव्हती. चाहत्याच्या दृष्टीने ही तर पर्वणी, असे कोणालाही वाटेल: आपला क्लब कायम वर, कायम श्रीमंत. पण त्याच क्लबांचे चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. ज्यांचा फायदा होणार होता त्यांनीच फायदा नाकारला. घसरणीची शक्यता नसलेल्या स्पर्धेत जिंकण्यालाही चव उरत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो. मिल्टन कीन्समध्ये २००४ साली जन्मलेले मूल आता विशीत आहे. त्याने लहानपणापासून तिथल्या संघावर जीव लावला, त्याच्या बढत्या-घसरणी भोगल्या. त्याची निष्ठा खोटी म्हणायची का? मला तसे म्हणता येत नाही. मूळ अन्यायाची झळ त्या मुलापर्यंत पोचवणे अन्यायाचेच ठरेल. तोड निघाली ती अशी, की २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने जुन्या विम्बल्डनच्या इतिहासावरचा दावा सोडला आणि १९८८ च्या कपच्या प्रतिकृतीसह मानचिन्हे विम्बल्डन ज्या भागात येते त्या मर्टन बरोच्या स्वाधीन झाली. इतिहास गावाचा, नवा क्लब नव्या शहराचा. दोन्ही संघ पुढे एकमेकांशी अनेकदा खेळले. डिसेंबर २०१२ च्या पहिल्या लढतीत जुन्या गावाचा संघ २-१ असा हरला. तो पराभव चाहत्यांना झोंबला असेलच, पण तो मैदानावरचा होता.

आता हाच निकष आपल्याकडे लावून पाहू. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एफ. सी. पुणे सिटी हा संघ बालेवाडीच्या मैदानावर उतरला. २०१७-१८ च्या हंगामात त्याने उपांत्य फेरी गाठली. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. दिल्लीचा संघ त्याच वर्षी भुवनेश्वरला गेला, आणि गंमत पाहा, २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला. पाच वर्षे नारिंगी जर्सी घालून ओरडणाऱ्या पुणेकरांनी विम्बल्डनसारखा स्वतःचा क्लब का काढला नाही, असे विचारणे सोपे आहे. पण २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हा साखळीतून वरपर्यंत जायला शिडीच नव्हती. देशाची अव्वल लीग बंद दाराआड होती. आत यायचे तर पैसे मोजून. गोव्यातही हीच गोष्ट. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवणारा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण जिंकूनही वर जाता येणार नाही अशी रचना येऊ घातली होती. मैदानावरच्या कामगिरीने वरच्या लीगमध्ये जायची सोय २०२३ मध्ये झाली आणि पंजाबचा संघ पहिल्यांदा त्या वाटेने गेला. धेंपोही त्यानंतर खालून खेळत आय-लीगमध्ये परतला. भारतीय माणसाला क्लबनिष्ठा जमत नाही, हा सूर म्हणून मला पटत नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तेव्हा गर्दी आवरत नाही. हे क्लब पेठांचे आहेत, आणि पेठ कोणाला दुसऱ्या शहरात नेता येत नाही. मध्यरात्री जागून मँचेस्टर नाही तर लंडनच्या संघासाठी घसा बसवणारी आपल्याकडची मुलेही खोटी नाहीत. त्यांना फक्त एवढीच मर्यादा आहे, की ७७ व्या मिनिटाला उठून जायचे ठरवले, तरी त्यांच्या उठण्याने कोणाची खुर्ची रिकामी होत नाही.

इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. त्याच्या परवानगीशिवाय आता क्लबला मैदान विकता किंवा हलवता येणार नाही, आणि क्लबचे बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर पाठीराख्यांचा कौल विचारावा लागेल. घसरणीपासून संरक्षण या कायद्यात कुठेच नाही. तसे ते द्या, अशी मोहीम पाठीराख्यांच्या संघटनांनीही कधी चालवली नव्हती. पुण्यात किंवा नागपुरात उद्या एखादा उद्योगपती नवा फुटबॉल संघ घेऊन आला, तर जर्सीचा रंग आणि परदेशी खेळाडूचे नाव विचारण्याआधी त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: हा संघ खाली घसरला तर तुम्ही थांबणार का, आणि तुम्ही गेलात तर त्याचे नाव आणि मैदान कोणाकडे राहणार.