गुडघ्यांवरचे १८ सेकंद

बर्फावरचे नृत्य मी पाहिले ते चित्रफितीतच. उड्या, गिरक्या विसरून गेलो. मनात राहिले एक साधे डोलणे. १४ फेब्रुवारी १९८४, सारायेव्होचे ऑलिंपिक. जेन टॉर्व्हिल व ख्रिस्तोफर डीन यांनी राव्हेलचे 'बोलेरो' निवडले होते. पण कितीही कापले तरी ते संगीत ठरलेल्या वेळेत बसेना. घड्याळ मात्र सुरू होई बुटाचे पाते बर्फाला टेकल्यावर! म्हणून सुरुवातीचे सुमारे १८ सेकंद दोघे गुडघ्यांवरच डोलत राहिले. त्या डोलण्यातली ओढ मला पुढच्या वेगातही सापडली नाही. नऊही परीक्षकांनी कलात्मकतेसाठी पैकीच्या पैकी ६ गुण दिले. बंधनाने कलावंताचा श्वास कोंडतो, असे आपण वर्गात तावातावाने म्हणतो. मला वाटते, कधी कधी तो श्वास ऐकू येतो तोच बंधनामुळे.