घरसामानात काय येते?

घरविम्याच्या तीन पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग मी या उन्हाळ्याच्या सुट्टीत केला. पुण्यात मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि चिपळूणचे घर आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. म्हणजे एकाच वेळी मी भाडेकरूही आहे आणि घरमालकही. पुस्तके दोन्हीकडे आहेत. शिवाय चिपळूणच्या घरात, माजघरातल्या फडताळात, वडिलांच्या अकरा वह्या आहेत. संगमेश्वरी बोलीतले शब्द, म्हणी, शिव्या, भाताच्या जातींची नावे असे जे जे कानावर पडले ते त्यांनी तीस वर्षे त्यांत टिपले. यातले काहीही छापलेले नाही.

तुलना करायची म्हटली की माणसे आधी हप्ता पाहतात. मला हे छापील किंमत बघून परीक्षण लिहिण्यासारखे वाटते. त्यातून १ एप्रिल २०२१ पासून परिस्थिती बदलली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आणली आणि आगीचा विमा उतरवणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती देणे बंधनकारक केले. संहिता एक, प्रकाशक अनेक, असा हा प्रकार. तेव्हा मूळ मजकुराची तुलना करण्यात अर्थ नाही; ती करायची पुरवण्यांची, हप्त्याची आणि दावा निकाली काढण्याच्या रीतीची. मात्र मूळ मजकूर एकदा तरी नीट वाचला पाहिजे, आणि तो वाचताना संरक्षणाच्या यादीपेक्षा अपवादांच्या यादीवर जास्त वेळ घालवला पाहिजे.

संरक्षणाची यादी तशी भव्य आहे. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवाद, पाण्याची टाकी फुटणे, इतकेच काय, क्षेपणास्त्रांच्या चाचणीने होणारे नुकसानही तीत आहे. ज्वालामुखीही आहे. (ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशी आमचे घर आहे तो सगळा लाव्हाचाच, दावा दाखल करायला साडेसहा कोटी वर्षांचा उशीर झाला आहे, एवढेच.) या यादीतली बहुतेक संकटे अचानक कोसळणारी आहेत. सावकाश चालणाऱ्या नाशाला तीत जागा नाही. वाळवी, ओल, कसर, बुरशी, म्हणजे कोकणातल्या पुस्तकांचे खरे वैरी, विम्याच्या दृष्टीने कालमानाने होणारी झीज ठरतात आणि बाहेर राहतात.

चोरीच्या बाबतीत शब्द फारच जपून वाचावे लागतात. या पॉलिसीत चोरी आहे. पण आग, पूर, दंगल अशी एखादी घटना घडली आणि तिच्यामुळे, सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि तिथे चोरी व घरफोडी हे शब्द समानार्थी नसतात: कुलूप तोडल्याची, खिडकी उचकटल्याची खूण सहसा दिसावी लागते. घर सलग किती दिवस बंद राहिले तर हे संरक्षण थांबते, हेही विचारून घ्यावे. जुन्या प्रमाणित अग्निविम्यात ती मर्यादा तीस दिवसांची होती. गणपती आणि शिमगा एवढ्यापुरतीच उघडणारी कोकणातली किती घरे या एका अटीत बसतील, याचा विचार करून पाहावा.

घरमालकाने करावयाचा हिशेब सोपा आहे, पण तो बाजारभावाशी फारकत घेतो. विमा जमिनीचा नसतो, बांधकामाचा असतो. चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर: सातशे चौरस फूट आणि दर अडीच हजार रुपये धरला तर साडेसतरा लाख. फ्लॅट विकायला काढला तर ऐंशी लाख येतील हे खरे, पण त्या आकड्याचा इथे संबंध नाही. इमारतीचा विमा उतरवला की तिच्या विमा रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरसामान आपोआप त्यात येते. वरच्या उदाहरणात साडेतीन लाखांचे. जुन्या पॉलिसींत रक्कम निम्मी लिहिली असेल तर दाव्यातही निम्मेच हाती पडत असे. ‘भारत गृह रक्षा’त ही कपात नाही. इतर पॉलिसींत मात्र त्याची चौकशी करावी. कर्ज देताना बँकेने जो विमा गळ्यात घातलेला असतो तो पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. त्यातून कर्ज फिटते, भिंत उभी राहत नाही. गृहनिर्माण संस्थेने इमारतीचा विमा काढला असला, तरी तुमचे कपाट त्यात नाही.

भाडेकरूची गोष्ट निराळी. ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या कराराने राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नसतो, निव्वळ परवानगीने राहणारा असतो. भिंती त्याच्या नाहीत, म्हणून त्याला फक्त घरसामानाचा विमा काढता येतो, आणि ते वीस टक्के आपोआप मिळत नसल्याने सामानाची यादी व रक्कम स्वतः द्यावी लागते. बहुतेक भाडेकरू एवढ्यावरच थांबतात. पण त्याच्या हातून आग लागली आणि मालकाच्या विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली, तर ती कंपनी मालकाच्या जागी उभी राहून भाडेकरूकडे पैसे मागू शकते. म्हणून भाडेकरूच्या दायित्वाची पुरवणी कोणती कंपनी देते, हे मी हप्त्याच्या आधी पाहिले. घर राहण्याजोगे उरले नाही तर पर्यायी जागेचे भाडे देणारे कलम मुळात इमारतीच्या संरक्षणाशी जोडलेले आहे. भाडेकरूने ते आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये.

आता घरसामान म्हणजे काय? व्याख्येत फर्निचर आहे, दूरचित्रवाणी संच, फ्रिज, गीझर, पाण्याच्या साठवणीची साधने, स्वयंपाकघरातली उपकरणे, कपडेलत्ते आणि ‘तत्सम वस्तू’ आहेत. पुस्तक हा शब्द नाही. त्याने त्या ‘तत्सम’मध्ये, गीझरच्या शेजारी, अंग चोरून बसायचे. दागिने, चित्रे, पुराणवस्तू यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण आहे. एकूण पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू एक लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्रही लागत नाही. मी पुस्तकांची यादी केली, दुर्मीळ आवृत्त्या वेगळ्या काढल्या आणि दोन्ही याद्या प्रस्तावासोबत जोडल्या. वाद नंतर घालण्यापेक्षा आधी घातलेला बरा.

वह्यांपाशी मात्र अडलो. अपवादांच्या यादीत सुटी रत्ने, नाणी, नोटा, धनादेश, वाहने आणि स्फोटके यांच्या रांगेत हस्तलिखिते आहेत. पॉलिसीत तसा स्पष्ट उल्लेख करून घेतला नसेल तर त्यांचे नुकसान भरून मिळत नाही. उल्लेख करून घ्यायचा झाला तर किंमत कोणती लिहायची? व्यापारी विम्याच्या मसुद्यांत यावर एक जुने कलम आढळते: दस्तऐवज आणि हस्तलिखिते यांची भरपाई कोऱ्या कागदाची किंमत अधिक ती पुन्हा लिहून काढण्याची कारकुनी मजुरी इतकीच, आतल्या माहितीचे मोल धरले जाणार नाही. मी हे कलम दोनदा वाचले. त्यात कुठेही उद्धटपणा नाही. जे पुन्हा विकत आणता येते त्याचीच भरपाई पैशात करता येते, हे ते प्रांजळपणे सांगते. पण पुन्हा लिहून काढायचे ते कशावरून, हा प्रश्न त्या कारकुनालाही पडेल. ज्यांच्या तोंडचे ते शब्द होते त्यांपैकी फारसे कोणी आता हयात नाही, आणि वडील २०१४ साली गेले.

हे भय पुस्तकी नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, १८६४ साली स्थापन झालेल्या ग्रंथालयाने, २००५ च्या जुलैत पुराने पुस्तके गमावली आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी पुन्हा आत आले. आमच्या वह्या दोन्ही वेळा माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. २०२१ मध्ये पाणी माळ्याच्या शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत होते. शिडी नऊ पायऱ्यांची आहे.

निर्णय असा झाला. चिपळूणच्या घराचा इमारत व घरसामान असा विमा दोघा भावांच्या संयुक्त नावाने घेतला, कारण एकाच नावावर घेतला असता तर दुसऱ्याच्या हिश्श्याचा दावा कोणी करायचा हा पेच उरला असता. तो पाऊस सुरू होण्याआधी घेतला. पुण्यात फक्त घरसामान, भाडेकरूच्या दायित्वासह. वर्षाचा हप्ता माझ्या वर्तमानपत्रांच्या बिलाहून कमी आहे. तिन्ही कंपन्यांतली ज्या कंपनीने माझ्या पुस्तकांच्या यादीवर लेखी उत्तर दिले तिची निवड केली, तिचा हप्ता मधला असूनही. वह्यांचा उल्लेख कोणत्याच पॉलिसीत नाही. त्या पुण्याला आणल्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर, आणि रोज वीस पानांचे छायाचित्रण चालू आहे. सहावी वही संपत आली आहे. प्रत्येक वहीच्या प्रती तीन ठिकाणी ठेवतो, त्यांतली एक भावाकडे नाशिकला.