शिशाविना काळा रंग

पोशीर नदी उल्हासला मिळते आणि उल्हासचं पाणी पुढे बदलापूर-कल्याणच्या नळांना जातं. पोशीरवर मोठं धरण बांधायला राज्य सरकारने मान्यता दिली आहे, त्यामुळे महामुंबईची तहान या खोऱ्यावर आणखी विसंबणार. कर्जत-खालापूरच्या डोंगरांनी वीजही दिली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. आता वीज छपरांवर आणि माळांवर तयार होऊ लागली आहे. सौर पॅनलमध्ये नेमकं काय भरलेलं असावं, हा प्रश्न अशा पाणलोटात सर्वांत आधी विचारला पाहिजे, असं मला वाटतं.

हा प्रश्न पेरोव्स्काइट या नव्या सौरपदार्थामुळे उभा राहतो. १८३९ साली गुस्ताव रोझ यांनी उरल पर्वतातल्या एका खनिजाला हे नाव दिलं. आज ते त्याच ठेवणीच्या स्फटिकांच्या सगळ्या कुळाचं नाव झालं आहे. जपानच्या त्सुतोमु मियासाकांनी २००९ मध्ये त्यातून सौरघट बनवला, तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आता ती २६ टक्क्यांपुढे गेली आहे. पण या घटांचा प्राण शिशात आहे. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात, एका चौरस मीटरला, ते एक ग्रॅमहूनही कमी असतं. सिलिकॉन पॅनलच्या जोडणीतल्या डाखातही शिसं असतं, पण ते धातूच्या रूपात. पेरोव्स्काइटमधलं शिसं क्षाराच्या रूपात असतं, आणि काच तडकून पावसाचं पाणी आत गेलं की ते विरघळून बाहेर येतं. मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

मग शिसं काढून का टाकत नाहीत?

कारण प्रकाश शोषण्याचं त्याचं कसब विलक्षण आहे. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे ऊर्जा-अंतर. त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश आरपार निघून जातो. शिसं आणि आयोडीन यांच्या प्रसिद्ध स्फटिकात हे अंतर सुमारे १.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतं, म्हणून तो सगळा दृश्य प्रकाश गिळतो आणि काळा दिसतो. आयोडीनच्या जागी ब्रोमीन घातलं की अंतर २.३ वर जातं आणि रंग नारिंगी होतो; क्लोरीन घातलं की ३ च्या आसपास, स्फटिक रंगहीन. घटकांचं प्रमाण बदलून रंग हवा तसा जुळवता येतो.

आवर्तसारणीत शिशाच्या शेजारी बिस्मथ आहे. त्याच्या आयनाची इलेक्ट्रॉन-रचना शिशाच्या आयनासारखीच, फक्त भार दोनाऐवजी तीन. म्हणून शिशाच्या दोन आयनांऐवजी चांदीचा एक आणि बिस्मथचा एक बसवतात. २०१६ मध्ये सिझियम, चांदी, बिस्मथ आणि ब्रोमीन यांचं असं दुहेरी पेरोव्स्काइट पुढे आलं. ते हवेत टिकतं, दमटपणाही बऱ्यापैकी सोसतं. पण त्याचं अंतर २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, आणि तेही अप्रत्यक्ष: प्रकाश शोषताना स्फटिकाच्या कंपनाचीही साथ लागते, त्यामुळे शोषण क्षीण आणि थर जाड लागतो. ब्रोमीन काढून आयोडीन घालावं, तर तो स्फटिक नीट घडतच नाही. त्याचं विघटन होऊन दुसरेच क्षार हाती येतात.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांनी याच स्फटिकात थोडंसं थॅलियम मिसळलं आणि नारिंगी स्फटिक काळा झाला. शोषणाची सीमा कुठून हलते, हे त्या प्रयोगाने लख्ख दाखवलं. पण थॅलियम शिशाहूनही जहाल विष आहे, तेव्हा छपरावर त्याचा उपयोग शून्य. २०२२ मध्ये चीनमधल्या एका गटाने हायड्रोजन वापरून याच स्फटिकाचं अंतर २.१८ वरून १.६४ वर आणलं. घटाची कार्यक्षमता ६.३७ टक्के झाली. आकडा लहान आहे, तरी वाट मला योग्य वाटते, कारण त्यात नवं विष शिरत नाही.

कथील हा दुसरा दावेदार. सिझियम, कथील आणि आयोडीन यांचं अंतर १.३ च्या जवळ, म्हणजे सूर्यप्रकाशासाठी जवळजवळ आदर्श. पण हवा लागताच कथिलाचं ऑक्सिडीकरण होतं आणि घट बिघडतो. कोकणातल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर विचारायलाच नको. शिवाय २०१६ मध्ये झेब्राफिशवर झालेल्या तपासणीत कथिलाच्या आयोडाइडने पाणी आम्लधर्मी करून माशांना मारल्याचं दिसलं. शोषणाच्या आलेखाशेजारी ‘पाण्यात काय उतरलं’ हा आकडाही प्रत्येक शोधनिबंधात असायला हवा.

घाटाच्या पलीकडे, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अंशुमन नाग यांच्या गटाने याच कुळाचा निराळा उपयोग शोधला. सिझियम, चांदी, इंडियम आणि क्लोरीन यांचं पेरोव्स्काइट दृश्य प्रकाश शोषत नाही. २०२० मध्ये त्यांनी त्यात बिस्मथ मिसळलं, तेव्हा ३७० नॅनोमीटरच्या आसपास नवं शोषण उमटलं. ती ऊर्जा सोबतच्या अर्बियमकडे पोचली आणि १५४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बाहेर पडला. ऑप्टिकल फायबरमधून दूरसंचार चालतो तो याच पट्ट्यात.

सौरघटांपुरतं बोलायचं, तर बिस्मथ आणि त्याच्याच गटातल्या अँटिमनीला पहिलं काम घरात मिळेल असं माझं मत आहे. एलईडीच्या उजेडात अवरक्त जवळजवळ नसतं, त्यामुळे तिथे १.९ ते २ चं अंतर चपखल बसतं. उन्हात जो दोष, तो इथे गुण. आणि भिंतीवरच्या तापमानमापकाला किंवा पाण्याच्या मीटरमधल्या संवेदकाला वीज लागते ती मायक्रोवॅटमध्ये.