धानोऱ्याची वक्रोक्ति

गडचिरोलीहून पूर्वेस मुरुमगांवच्या वाटेला लागलें म्हणजे धानोरा येतें. येथील बाजारांत मराठीबरोबर गोंडीही कानीं पडते. ही भाषा द्राविडी कुळांतली. मराठीहून तेलुगूस जवळची.

आमचा वाटाड्या तासभर उशिरां आला, तेव्हां आमचे पुणेकर सोबती म्हणाले, "फारच लवकर आलांत!" तो शांतपणें उत्तरला, "होय, ऊन चढायचें आहे अजून." सोबत्यांनीं निकाल दिला कीं, ह्यास उपरोध कळत नाहीं. आम्हांस तसें वाटेना. शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून हंसत होती!

रुद्रटानें वक्रोक्तीचे श्लेष व काकु असे दोन प्रकार मानिले. काकु म्हणजे स्वराची मुरड. परभाषेंत ती फार उशिरां उमगते, आणि कागदावर तर उरतच नाहीं. "मोठा शहाणाच आहेस!" हें ऐकून पुण्याचें मूल मान खालीं घालील, घरीं गोंडी बोलणारें मूल कदाचित् हरखेल, आणि वर्ग कां हंसला हें त्यास कोणी सांगणार नाहीं. अशा वर्गांत मास्तरानें हें शस्त्र म्यानांतच ठेवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

धानोऱ्याजवळच मेंढा-लेखा हें गांव आहे. त्यास 2009 सालीं सामूहिक वनहक्क मिळाले. तेथील ग्रामसभा बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें निर्णय करिते. तेथें कोणी उपरोधानें "फार उत्तम!" म्हणाला, तर त्यास संमतींत धरावयाचें कीं विरोधांत?