खंड्या गुरगुरला तेव्हा

तुमच्या दारात कुत्रे असेलच. शेतावरच्या वस्तीला एकवेळ बैल नसतील, ट्रॅक्टर आला असेल. पण कुत्र्यावाचून वस्तीची रात्र निघत नाही. म्हणून मी आज जे सांगणार आहे ते तुमच्याही ओसरीवर कधी तरी घडले असेल, नाही तर उद्या घडेल.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या मोकळ्या रानात धनगरांनी मेंढरे बसवली होती. त्यांच्या कुत्रीला सहा पिल्ले झालेली. त्यातले एक तांबूस, कपाळावर पांढरा टिळा असलेले पिल्लू माझ्या पाच वर्षांच्या नातवाने छातीशी धरले आणि सोडीना. धनगरीण म्हणाली, "आक्का, अजून अंगावर पितंय. पंधरा दिस ऱ्हाऊ द्या आईपाशी." पण त्यांचा वाडा दुसऱ्या दिवशी पुढे हलणार होता आणि पोराने तर भोकाड पसरलेले. शेवटी महिना-सव्वा महिन्याचे ते पिल्लू आमच्याकडे आले. नातवाने त्याचे नाव ठेवले खंड्या.

पंधरा-वीस दिवस कौतुकात गेले. मग एका संध्याकाळी खंड्या ताटलीतली दूध-भाकरी खात होता. नातू मायेने त्याच्या पाठीवर हात फिरवायला वाकला, तोच ते एवढेसे पिल्लू अंग ताठ करून गुरगुरले. पोर दचकून मागे पडले आणि रडू लागले. सून धावत आली. "आत्ताच ही तऱ्हा, तर मोठं झाल्यावर काय करील!" आमच्या ह्यांनी पायातली चप्पल काढून हात उगारला. "दोन बसू द्या, खोड आत्ताच मोडली पाहिजे."

मी त्यांचा हात धरला. म्हटले, "चप्पल खाली ठेवा. राजाला विसरलात का?"

हे गप्प झाले. हात आपोआप खाली आला.

वाचकहो, राजाची गोष्ट मी आजवर कुणाला फारशी सांगितलेली नाही. १९८३ साल. माझ्या लग्नाला वर्ष झाले होते. राजा लहान असताना भाकरी खाताना कोणी जवळ गेले की असाच गुरगुरायचा. घरातल्या पुरुषांनी ठरवले, याला सरळ करायचे. गुरगुरला की पाठीत काठी. मुद्दाम ताटली ओढून घ्यायची, आणि आवाज केला की पुन्हा काठी. मीही तेव्हा हे बरोबरच आहे असे समजत होते. दोन महिन्यांत राजाचे गुरगुरणे बंद झाले. सगळे म्हणाले, "बघा, मार खाल्ल्यावर शहाणा झाला."

तो शहाणा झाला नव्हता, मुका झाला होता. भाकरी खाताना कोणी जवळ आले की त्याचा जीव पूर्वीसारखाच घाबरा होई. फक्त तोंडाने सांगायची सोय आम्ही काढून घेतली होती. त्या वर्षी भाऊबिजेला नणंदबाई माहेरी आल्या. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा खेळता खेळता राजाच्या ताटलीपाशी बसला. राजा भुंकला नाही, गुरगुरला नाही. एकदम गालावर चावला.

त्याच रात्री घरातले चौघे जण राजाला ओढ्याकडे घेऊन गेले. तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "कुत्रं मारलंत कशाला? बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवलं असतं, तर ते धडधाकट राहतंय का ते कळलं असतं." आता ते कळायला मार्ग उरला नाही. त्या पोराला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. तो व्रण त्याच्या गालावर अजून आहे. त्याने आम्हाला कधी बोल लावला नाही, पण भाऊबिजेला तो जेवायला बसला की माझे लक्ष त्या गालाकडे जातेच.

म्हणून मी तुम्हाला हात जोडून सांगते, पिल्लू गुरगुरले म्हणून त्याला मारू नका. मारका बैल शिंग हलवतो तेव्हा आपण बाजूला होतो. नवी व्यालेली म्हैस मान झटकते तेव्हा "हिला वासराची काळजी आहे" असे म्हणतो. नागसुद्धा फणा काढून फुत्कारतो म्हणून तर आपण वाचतो. मग कुत्र्यानेच काय पाप केले? गुरगुरणे म्हणजे त्याचे "थांबा, मला भीती वाटते" असे सांगणे आहे. सांगणारे तोंड बंद केले की भीती तशीच आत राहते आणि पुढे दातांतून बाहेर येते.

त्या रात्री आम्ही सगळे ओसरीवर बसलो आणि खंड्या असे का करतो याचा विचार केला. सहा भावंडांत एका परातीत खाल्लेले पिल्लू. जो हळू खाईल तो उपाशी. त्यात आईपासून लवकर तोडलेले. पिल्लू आईजवळ निदान दोन महिने राहिले पाहिजे. आई आणि भावंडे त्याला किती जोरात चावायचे, कधी सोडायचे हे शिकवतात. आम्ही त्याची ती शाळाच बुडवली होती. वर त्याची ताटली ठेवलेली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, जिथून दिवसभर माणसांची ये-जा. पंगतीत कोणी आपल्या पानावर पाय देऊन जाऊ लागले तर आपण तरी गप्प बसू का?

आधी ताटलीची जागा बदलली. गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला. वेळ ठरवली, सकाळी आणि संध्याकाळी. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे लागते, म्हणून दुपारीही घासभर. तो खात असताना पोराने तिकडे फिरकायचे नाही, असा दंडक घातला.

मग मी एक गोष्ट सुरू केली. तो खात असताना पाच-सहा पावलांवरून जायचे आणि जाता जाता उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा त्याच्याकडे टाकायचा. थांबायचे नाही, बोलायचे नाही, आपल्या वाटेने निघून जायचे. तीन-चार दिवस तो नुसता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघे आणि घाईने घास गिळी. घाईने गिळणे, अंग ताठ होणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, या गुरगुरण्याच्या आधीच्या खुणा. त्या दिसल्या की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि दोन पावले मागे सरावे. तो सैल झाला की दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे. माणूस जवळ आले की आपले काही जात नाही, उलट काही तरी येते, एवढेच त्याला कळायला हवे होते.

दहाव्या दिवशी आमच्या ह्यांना धीर निघाला नाही. "बघू तरी सुधारलाय का," म्हणून त्यांनी सरळ ताटलीत हात घातला. खंड्या गुरगुरला. मग पुन्हा पाच पावलांपासून सुरुवात! तुम्ही ही चूक करू नका. कुत्र्याची परीक्षा घ्यायला त्याच्या ताटात हात घालू नये.

तीन आठवड्यांनी मी जवळ गेले की खंड्या ताटलीतून तोंड वर काढून शेपटी हलवू लागला. चप्पल पळवली तर तीही आम्ही हिसकली नाही. अंड्याचा तुकडा दाखवायचा, त्याने चप्पल सोडली की तुकडा द्यायचा. देवाणघेवाण त्याला लवकर समजते.

पिल्लाइतकेच पोराला शिकवावे लागले. खाताना, झोपेत, हाड चघळताना खंड्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर जाऊन पडायचे नाही. लाड करायचे तर आपण बसून त्याला हाक मारायची. आला तर लाड, नाही आला तर राहू द्यायचे. आणि कुत्रे कितीही गरीब असले तरी लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडायचे नाही, हा नियम मोठ्यांनी पाळायचा.

सगळेच गुरगुरणे एका जातीचे नसते. पुढचे पाय पसरून, मागचे अंग वर करून, शेपटी हलवत चिंधी ओढताना पिल्लू गुरगुरते तो खेळ. पण एरवी शांत असलेले पिल्लू उचलताना गुरगुरले तर दुखणे शोधावे. मध्यंतरी खंड्या कानाला हात लावू देईना. पाहिले तर कानाच्या आत गोचिडांचा झुपका. पशुवैद्यकीय दवाखान्यात औषध घेतले आणि चार दिवसांत गुरगुर थांबली. मोठे कुत्रे असे करत असेल किंवा खरेच चावू लागले असेल, तर घरचे प्रयोग करू नका, पशुवैद्यांना विचारा.

आणखी एक. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा, आणि मग दरवर्षी. पिल्लाचा नुसता दात लागून कातडे खरचटले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि सांगितलेल्या सगळ्या तारखांना लस पुरी करावी. "दोन सुया झाल्या, आता बरं आहे" म्हणून मध्येच सोडू नये. पोटातली ती इंजेक्शने वीसेक वर्षांपूर्वीच बंद झाली, आता लस दंडात टोचतात. पण रोग एकदा अंगात उठला की त्यातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य, हे आजही तसेच आहे.

परवा नणंदबाईंचा तोच मुलगा आला होता. आता तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे. गोठ्याकडे हात धुवायला गेला तेव्हा खंड्या हाड चघळत होता. नवा माणूस पाहून तो हलकेच गुरगुरला. माझ्या काळजात धस्स झाले. पण नातू लांबूनच ओरडला, "काका, तिथंच थांबा! तो सांगतोय, आत्ता येऊ नका म्हणून."

भाचा थांबला, दोन पावले मागे सरला आणि हसला. खंड्याने मान खाली घालून पुन्हा हाड चघळायला घेतले. एवढेच झाले.

तुमच्या घरी पिल्लू गुरगुरले तर काठी शोधू नका. ते कशाला भिते आहे ते शोधा.