नास्तिकाचं भांडण कुणाशी?

मी देव मानत नाही हे कळलं, की समोरचा माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो, "म्हणजे तुम्ही देवाधर्माच्या विरोधात!" विचारल्यासारखं बोलतो, पण निकाल देऊन मोकळा झालेला असतो. एखादी गोष्ट न पटणं आणि तिच्याविरुद्ध उभं राहणं, यांतलं अंतर आपल्याकडे कुणी मोजतच नाही.

आमच्या घरी गणपती बसतो. मी हात जोडत नाही. पण मखर बांधतो, आल्यागेल्याचं बघतो आणि उकडीच्या मोदकांना नाही म्हणत नाही. आईनं मला कधी जबरदस्तीनं नमस्कार करायला लावला नाही, मीही तिच्या पूजेची कधी टर उडवली नाही. माझ्या न मानण्याचा तिला जाच होत नाही, कारण ते तिच्याकडून काहीच मागत नाही. नुसती अश्रद्धा अशी बिनमागणीची असते. विरोधाचं तसं नाही. तो म्हणतो, हे थांबवा, हे बदला. दुसऱ्याकडे मागणं केलं की कशासाठी आणि कुणासाठी, हे सांगावंच लागतं.

गोपाळ गणेश आगरकरांना हे नेमकं उमगलं होतं. ते अज्ञेयवादी होते. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ साप्ताहिक काढलं, पण त्यांचा सगळा जोर ईश्वर आहे की नाही यावर खर्च झाला नाही. तो झाला विधवांच्या केशवपनावर, बालविवाहावर, बायकांच्या शिक्षणाच्या आड येणाऱ्या रूढींवर. सनातन्यांनी ते जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. इकडे घरात मात्र त्यांच्या पत्नी यशोदाबाईंची देवपूजा चालूच होती. रूढींवर आसूड ओढणारा हा माणूस घरच्या देव्हाऱ्यावर चालून गेला नाही. कुणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मला त्यात चोख हिशेब दिसतो. केशवपनानं एका बाईचं आयुष्य तिच्या मनाविरुद्ध उद्ध्वस्त होतं. देवाला फूल वाहिल्यानं कुणाचं काही जात नाही.

हाच पेच पुढे अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी एका व्यासपीठावर मांडला. त्यांचे वाद-संवादाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर झाले. ‘देवाला रिटायर करा’ असं लिहिणाऱ्या लागूंच्या मते देव ही कल्पनाच माणसाच्या बुद्धीला पांगळं करते, तेव्हा मुळावरच घाव घालायला हवा. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका म्हणून ते वेगळं सांगत: उपासनेचं स्वातंत्र्य राज्यघटनेनं दिलेलं आहे, आमचा विरोध देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. दोघेही अश्रद्ध, पण एकाचा विरोध श्रद्धेलाच, दुसऱ्याचा तिच्या आडून चालणाऱ्या लुबाडणुकीला. लागूंचा युक्तिवाद मला बुद्धीनं पटतो. पण माझ्या आईला फसवणारा बुवा आणि माझी आई, या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करणं मला जमत नाही.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. हा कायदा धर्म बुडवणार, अशी हाकाटी कित्येक वर्षं चालली होती. प्रत्यक्षात नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून फसवणूक असे प्रकार त्यानं गुन्हा ठरवले. आणि वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, घरातली नि देवळातली पूजा यांना तो लागू नाही, हे त्याच्याच एका कलमात लिहून ठेवलं. एवढी स्वच्छ सीमारेषा सहसा कुणी आखत नाही.

शनिशिंगणापूरची गोष्ट तर याच्याही पुढची. तिथल्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून 2000 साली दाभोलकरांनी आंदोलन केलं. शनीची साडेसाती न मानणारा माणूस, शनी मानणाऱ्या बायकांच्या हक्कासाठी उभा राहिला! 2016 च्या गुढीपाडव्याला तो चौथरा बायकांना खुला झाला. त्या दिवशी ज्यांनी तिथं तेल वाहिलं, त्या काही नास्तिक झाल्या नाहीत. त्या व्हाव्यात, ही आंदोलनाची मागणीही नव्हती.

उलट बाजूही पाहावी. गाडगेबाबा कीर्तनकार होते, ओठी सदा गोपाळाचं नाव. पण देवापुढे बकरं कापणाऱ्यांना, नवसापायी कर्ज काढणाऱ्यांना, शिवाशिव पाळणाऱ्यांना त्यांनी भर कीर्तनात प्रश्न विचारून जितकं निरुत्तर केलं, तितकं माझ्यासारख्या कितीतरी अश्रद्धांनी आयुष्यभरात केलेलं नसेल. म्हणजे विरोधाला अश्रद्धेची पूर्वअट नाही. विरोध जन्मतो तो कुणाचं तरी नुकसान डोळ्यांना दिसल्यामुळे. ते पाहणारा टाळकरी आहे की निरीश्वरवादी, हा पुढचा मुद्दा.

म्हणूनच मला दोन प्रकारच्या नास्तिकांशी भांडावंसं वाटतं. एक, ज्यांना दुसऱ्याच्या कपाळावरचा बुक्का पाहिला तरी हसू आवरत नाही. कुणाचं काही बिघडलेलं नसताना चाललेला हा विरोध म्हणजे निव्वळ शहाणपणाची मिरवणूक. दुसरे, ज्यांचं न मानणं मोठं सोयीचं असतं: शेजारच्या बाईला भूतबाधा झाली म्हणून चाबकानं मारलं, तरी ‘आपण कुठे मानतो हे सगळं’ म्हणून ते दार लावून घेतात. पहिल्यांना फक्त विरोध ठाऊक, दुसऱ्यांना फक्त अश्रद्धा.

देव न मानणं ही माझी खासगी बाब आहे. त्याबद्दल शिक्षा नको, तसं कौतुकही नको. विरोध मात्र सार्वजनिक असतो, तेव्हा त्यानं पुरावा द्यावा. कुणाचं काय नुकसान होतंय ते दाखवता येत नसेल, तर आम्ही अश्रद्धांनी गप्प बसावं. आणि ते दाखवून दिल्यावर, देव मानणाऱ्यांनीही गप्प बसू नये.