होडीचा हिशेब

नदीकाठच्या घरात होडी म्हणजे कर्ते माणूस. ती बसली की चूल अडते. सदाशिवगडच्या बाजूला, काळी नदीच्या काठी राहणाऱ्या माझ्या चुलतभावाची, दादाची, होडी अशीच आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. वल्ह्याच्या होडीला ती नाही. त्या 61 दिवसांत खाडीतल्या शेवट्या-काळुंदरांवरच दादाचे घर चालते.

2024 च्या ऑगस्टमध्ये काळीवरचा जुना पूल कोसळला, त्याच पावसाळ्यात ही होडी पाणी घेऊ लागली. गोव्यात नोकरीला असलेला पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हीच बाबांना सांगा. आता तिचं सरपण करूया.” दादा काही बोलला नाही; पण दोन दिवस नीट जेवलाही नाही. फायबरची नवी होडी घेण्याची ऐपत नव्हती. दादाच्या गाठीचे आणि माझ्या पेन्शनीतले मिळून 12,000 रुपये जमले. एवढ्यात होडी उभी राहील का, हाच प्रश्न होता.

गावातल्या मेस्तांनी आधी ती झावळ्यांच्या सावलीत उपडी घालून महिनाभर सुकू दिली. उन्हात घाईने सुकवली तर फळी तडकते. मग टोकदार सळईने त्यांनी फळी न् फळी टोचून पाहिली, हातोडीने वाजवून पाहिली. चांगले लाकूड खणखणते, कुजलेले भद्द वाजते. शेवटी म्हणाले, “लांकूड अजून जितें आसा.” पठाण, म्हणजे होडीचा कणा, शाबूत होता. कुजली होती ती एका फळीची तीन हात लांबी, तीही गंजलेल्या लोखंडी खिळ्यांच्या भोवती.

कोणीतरी सुचवले, वरून फायबर चढवा, काम संपले. मेस्तांनी मान हलवली. जुन्या लाकडात मुरलेले पाणी फायबरखाली कोंडते आणि आतल्या आत कूज वाढते.

फळीसाठी आम्ही लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाला कन्नडमध्ये ‘हलसु’ म्हणे, मेस्त ‘पणस’ म्हणत, मी ‘फणस’. तिघांचा हात मात्र एकाच फळीवर. आख्खी फळी न बदलता कुजका तुकडाच कापला आणि नवा तिरप्या सांध्याने जोडला. सरळ सांध्यापेक्षा तिरप्याची पकड मोठी. फटींत तेलात भिजवलेला कापूस बोथट छिन्नीने ठोकला, पण ठासून नव्हे. लाकूड पाण्यात फुगते. कापूस गच्च भरला तर फळ्याच एकमेकींना ढकलतात. बाहेरून काजूच्या टरफलांचे तेल. हाताला लागले तर फोड आणणारे हे तेल लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना दूर ठेवते.

काटकसरीची खरी परीक्षा खिळ्यांपाशी झाली. लोखंडी खिळे स्वस्त. पण खाऱ्या पाण्यात तेच आधी जातात आणि भोवतीचे लाकूडही खातात. बुडत्या भागात तांब्याचेच हवेत, यावर मेस्त अडून बसले. रंगाचा खर्च मात्र त्यांनीच वगळला. “रंग मागीर,” म्हणाले.

माझ्या वहीतला हिशेब असा: मजुरी 5,500, तांब्याचे खिळे 2,200, फळी 1,900, कापूस, राळ व तेल 1,100. एकूण 10,700. उरलेले 1,300 पुढच्या वर्षीच्या तेलासाठी वहिनींनी डब्यात ठेवले.

पाण्यात उतरवल्यावर होडी पहिल्या दिवशी पाझरली. पुतण्या माझ्याकडे बघू लागला. मेस्त शांतपणे विडी ओढत म्हणाले, फळ्यांना पाणी पिऊ द्या. तिसऱ्या दिवशी पाझर थांबला.

कमी पैशात दुरुस्ती म्हणजे सगळेच स्वस्त घेणे, असे आपण समजतो. खरे तर कुठे हात आखडायचा नाही, हे कळणे म्हणजे दुरुस्ती. 2025 च्या जूनमध्ये पुतण्या रजेवर आला तेव्हा वल्हे त्याच्या हातात होते. होडी अजून बिनरंगाचीच आहे.